आधी जयवंत दचकला

श्यामकांत देवस्थळीला इंग्रजीचं वेड होतं, आणि ते वेड चारचौघांना दिसावं अशीही त्याची इच्छा असे. मुलुंडला एलबीएस मार्गावर पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या पर्सोनेल खात्यात तो सीनियर असिस्टंट होता. कामगारांच्या रजा, हजेरी, नोटिसा हे रोजचं काम. पण कुठे चांगलं पत्र पाठवायचं असलं की मॅनेजर गुप्तेसाहेबांची हाक पडायची ती त्यालाच. "देवस्थळी, जरा तुमच्या इंग्लिशमध्ये बसवा हे," असं साहेब म्हणाले की त्याचा दिवस चांगला जायचा.

नवघर रोडवरच्या त्याच्या दोन खोल्यांत एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. कुठला शब्द कुठून आला, कोणत्या शतकात त्याचा अर्थ काय होता, हे सगळं त्यात बारीक टाइपात दिलेलं. शेजारपाजारचे लोक टीव्हीसमोर बसायचे तसा हा कोशासमोर बसायचा.

एका हिवाळ्यात त्यांच्या बाल्कनीच्या कठड्यावर थिरथिरा येऊ लागला. काळसर अंगाचा, तांबूस शेपटी सारखी थरथरवणारा इवलासा पक्षी. त्याला इंग्रजीत रेडस्टार्ट म्हणतात हे श्यामकांतने कुठेतरी वाचलं होतं. आता या बिचाऱ्या पाखराचा सुरुवात करण्याशी काय संबंध, म्हणून त्याने कोश उघडला. तिथे लिहिलं होतं की या नावातला 'स्टार्ट' म्हणजे शेपूट. जुन्या इंग्रजीतला तो निराळाच शब्द, नुसता दिसायला सारखा. पण त्याच पानावर आपल्या नेहमीच्या 'स्टार्ट'ची कुळकथा होती, आणि ती वाचून श्यामकांत खुर्चीतून उठलाच.

"वसुधा, ऐक, ऐक. 'स्टार्ट'चा मूळ अर्थ सुरू करणं नाहीच मुळी! मूळ अर्थ उडी मारणं. अंग एकदम उसळणं. त्यावरून दचकणं. 'ही स्टार्टेड' म्हणजे तो दचकला. 'स्टार्टल' त्याचंच पोर. पुढे माणसं प्रवासाला निघायची, शर्यतीचे घोडे झेप घेऊन सुटायचे, म्हणून निघणं. आणि सुरू होणं हा अर्थ आला सगळ्यांच्या शेवटी. आपण मात्र तेवढाच घेऊन बसलोय."

त्याची बायको वसुधा तांदूळ निवडत होती. "बरं झालं सापडलं," ती म्हणाली. "आता जरा गॅसचा नंबर लावून या. तो अजून सुरू व्हायचाय."

श्यामकांत हसला. पण पुढचे काही दिवस हा शब्द त्याच्या जिभेवर घोळत राहिला. कुठे वापरायला मिळतो, याची तो वाटच बघत होता म्हणा ना.

त्याच सुमाराला कारखान्यात जयवंत घाडीचं प्रकरण झालं.

जयवंत मूळचा कणकवलीकडचा. गिरणीत मागावर होता. संपात गिरणी गेली, तेव्हा गाववाल्या धोंडिरामच्या ओळखीने इथे असेंब्लीत लागला. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता. त्या बाजूने कुणी आलं तर त्याला पत्ता लागत नसे. एका सकाळी सुपरवायझर विद्याधर टिपणीस आणि त्याची रजेवरून बाचाबाची झाली. टिपणीस निघून गेला. थोड्या वेळाने तो परत आला तो मागून, डाव्या बाजूने, आणि वाकून नट आवळत असलेल्या जयवंतच्या मानेवर त्याने एकदम हात ठेवला. जयवंत दचकून वळला. हातातला पाना टिपणीसच्या कपाळाला लागला, रक्त आलं. मग टिपणीस चवताळून त्याच्या अंगावर गेला आणि दोघांची झटापट झाली.

वरिष्ठावर हल्ला केल्याचं चार्जशीट जयवंतला मिळालं. एन्क्वायरी बसली. चौकशी करायला कंपनीने फोर्टातून एक वकील आणले. ते मद्रासकडचे, इतकी वर्षं मुंबईत राहून मराठीचं एक अक्षर न शिकलेले. म्हणून साक्षीदार मराठीत बोलणार, श्यामकांत ते इंग्रजीत सांगणार, आणि नलिनी नावाची टायपिस्ट ते टाइप करणार, असं ठरलं. श्यामकांतने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

बघणारा एकच होता, धोंडिराम धुरी. असेंब्लीतला जुना मदतनीस, रिटायर व्हायला आलेला, जयवंतचा गाववाला असला तरी कुणाच्या भांडणात न पडणारा माणूस. जयवंतने त्यालाच साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. वकीलसाहेबांनी विचारलं, कशानंतर काय झालं ते क्रमाने सांगा. श्यामकांतने मराठीत विचारलं. धोंडिराम गावच्या बोलीत म्हणाला, "पयलो जयवंत दचाकलो. मगे पानो लागलो. मगे टिपणीस सायब तेच्या आंगार गेले."

तेवढ्यात शिपाई वकीलसाहेबांना फोनला बोलवायला आला. "प्लीज गो ऑन," म्हणून ते बाहेर गेले.

श्यामकांतला शब्द आठवायची गरजच नव्हती. तो शब्द दारात उभाच होता. नलिनीकडे वळून त्याने सांगितलं, "जयवंत स्टार्टेड फर्स्ट. देन द स्पॅनर हिट द सुपरवायझर."

नलिनीची बोटं थांबली. "स्टार्टेड? काय स्टार्ट केलं?"

"काही केलं नाही. दचकला तो. दचकला म्हणजे स्टार्टेड, तोच मूळ अर्थ."

"पण असं वाचलं तर... गॉट फ्रायटन्ड टाकू का?"

"ते शाळेतलं इंग्लिश झालं," श्यामकांत म्हणाला. "मी सांगतो तेच टाका."

नलिनीने टाकलं, मग टिपणीस अंगावर गेल्याचंही. शेवटी नियमाप्रमाणे सगळी जबानी मराठीत वाचून दाखवायची होती. श्यामकांतने वाचलं, "आधी जयवंत दचकला, मग पाना लागला, मग टिपणीससाहेब त्याच्या अंगावर गेले." धोंडिरामने मान डोलावली आणि अंगठा उठवला. जयवंतने उजवा कान पुढे करून ऐकलं होतं. त्यानेही सही केली. सगळे समाधानाने उठले.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. नलिनीला त्याच्या प्रती टाइप करायच्या होत्या. ती टाइप करता करता थांबली आणि कागद घेऊन श्यामकांतच्या टेबलापाशी आली. तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

वकीलसाहेबांनी लिहिलं होतं की याबाबत शंकेला जागाच उरलेली नाही, कारण कामगाराच्या स्वतःच्या साक्षीदारानेच कबूल केलं आहे की भांडणाला सुरुवात आधी कामगाराने केली. पुढे अवतरणात ते तीन शब्द होते. जयवंत स्टार्टेड फर्स्ट.

श्यामकांतच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते असं, "या मद्राश्याला साधं इंग्रजी कळू नये?"

नलिनी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्यानेच त्याला आपण काय बोललो ते कळलं. वकिलाला इंग्रजी चांगलं कळत होतं. सगळं जग वाचेल तसंच त्यांनी ते वाचलं होतं.

"अजून साहेबांची ऑर्डर निघालेली नाही," नलिनी हळूच म्हणाली. "आत्ता सांगितलंत तर होईल काहीतरी. मी पण सांगेन, मला आठवतंय सगळं."

"सांगतो. जेवणानंतर जातो."

जेवणानंतर तो खरंच गेला. काय बोलायचं तेही त्याने मनात जुळवलं होतं. तो केबिनमध्ये शिरला तर गुप्तेसाहेबच प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "या, या देवस्थळी. तुमचीच आठवण काढली. वकीलसाहेब म्हणत होते, इतकं क्लिअर रेकॉर्ड त्यांना कुठल्याच फॅक्टरीत मिळालं नाही. चीफ असिस्टंटच्या जागेसाठी तुमचं नाव मी वर पाठवतोय."

श्यामकांत म्हणाला, "थँक यू, सर."

"तुमचं काही काम होतं?"

"नाही सर. असंच."

तो बाहेर आल्यावर नलिनीने मान वर केली. त्याने पाण्याच्या मडक्याकडे मोर्चा वळवला आणि तहान नसताना दोन पेले पाणी प्यायला. शब्द तसा चुकीचा नव्हताच, तो स्वतःला सांगू लागला. कोशात स्वच्छ छापलेलं आहे. शिवाय टिपणीसच्या कपाळावर टाके पडले होते, ते काय आपल्या शब्दामुळे? एका शब्दावर कुणाची नोकरी जाते का? जयवंतला फार तर ताकीद मिळेल, चार दिवस घरी बसवतील. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःला बऱ्यापैकी पटवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बडतर्फीची ऑर्डर निघाली. कामगाराला समजेल अशा भाषेतली प्रत द्यायची म्हणून ती मराठीत करायला श्यामकांतकडेच आली.

तो कागद पुढे घेऊन बसला. भराभर लिहीत गेला आणि त्या ओळीशी येऊन त्याचं पेन अडकलं. जे त्याने मराठीतून इंग्रजीत नेलं होतं ते वाक्य आता परत त्याच्याच दारात आलं होतं. 'आधी जयवंत दचकला' असं लिहावं, तर खालच्या ऑर्डरला अर्थच राहत नव्हता. दचकला म्हणून कुणाला कामावरून काढतात का? वाचणारा पहिला माणूसच विचारणार, हे काय लिहिलंय. मग सगळंच उघडं पडणार. आता उठावं, केबिनमध्ये जावं, अजून वेळ आहे, असं त्याला वाटलं. पाय मात्र उठले नाहीत. साहेबांनी वर पाठवलेलं आपलं नाव त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्याने लिहिलं, 'साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार भांडणाची सुरुवात आधी जयवंत घाडी यांनी केली.'

पहिल्या वेळी त्याला कुणी विचारलं असतं तर तो छातीवर हात ठेवून सांगू शकला असता की माझ्या मनात काही नव्हतं. आता तसं म्हणायची सोय राहिली नाही.

ऑर्डर वाचून दाखवायचं कामही त्याचंच. जयवंत टेबलासमोर उभा राहिला, मान उजवीकडे वळवून, ऐकू येणारा कान पुढे करून. त्या ओळीपाशी तो म्हणाला, "परत वाचा."

श्यामकांतने परत वाचलं.

"धोंडूकाका असा बोललो?" जयवंतचा विश्वास बसत नव्हता. "त्या दिवशी तर तुम्ही दचकलो म्हणून वाचलात."

"हे वकीलसाहेबांच्या रिपोर्टातलं आहे," श्यामकांत कागदाकडे बघत म्हणाला. "मला जे लिहून आलंय ते मी वाचतोय."

जयवंतने सही केली. त्या दिवसापासून त्याच्या मनाने एकच घेतलं: धोंडूकाका फितला. समोर एक बोलला आणि मागाहून वकिलाला गाठून दुसरंच सांगून आला. रिटायर होताना साहेब लोकांची मर्जी हवी, दुसरं काय.

दोघंही भांडुपला टेंभीपाड्यातल्या एकाच चाळीत राहत. तिथे बातमी पसरायला वेळ लागला नाही. जयवंतची बायको मालन धोंडिरामच्या घरातल्यांना पाण्याच्या रांगेत उभं राहू देईना. शनिवारच्या भजनात धोंडिराम वर्षानुवर्षं पखवाज वाजवायचा. त्या शनिवारी कुणीतरी येऊन त्याच्या मांडीवरचा पखवाज उचलून नेला. म्हातारा तसाच रिकाम्या मांडीने भजन संपेपर्यंत बसून राहिला. हे सगळं नलिनीने श्यामकांतला सांगितलं, टेबलाशी उभं राहून, कोरड्या आवाजात. ती भांडुपचीच होती; एकट्या टायपिस्टचं कोण ऐकणार, म्हणून तोच कधी बोलतो याची वाट बघत होती. सांगून झाल्यावर ती त्याच्याशी कामापुरतंही बोलेनाशी झाली. पत्रं आणून ठेवायची आणि जायची.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत धोंडिराम स्वतःच आला. खात्यात दुसरं कुणी नव्हतं. त्याने टोपी काढून हातात धरली.

"सायबानू, एक इचारूचा होता. जयवंतानं आधी केल्यान, असा मी बोललंय काय? माका तर तसा काय आठवणा नाय."

किती सोपं होतं. 'नाही धोंडिराम, तुम्ही नाही बोललात,' एवढंच म्हणायचं होतं. श्यामकांतने समोरची टाचणी उचलली, परत ठेवली.

"तुम्ही बोललात तेच लिहिलंय," तो म्हणाला.

धोंडिरामने वाद घातला नाही. शिकल्यासवरल्या माणसाने कागद बघून सांगितलं म्हणजे ते तसंच असणार.

"मगे असात," तो म्हणाला. "वय झाला. तोंडातून सुटला असात." टोपी घालता घालता तो पुन्हा म्हणाला, जणू स्वतःशीच, "तेच्या पाया पडाक होया."

तो गेल्यावर श्यामकांतने डबा उघडला आणि तसाच बंद केला. आपल्याला लाज वाटते आहे हे त्याला कळत होतं. पण त्याहून वाईट हे, की म्हाताऱ्याने आपलं ऐकलं म्हणून त्याला जरा हायसंही वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याचीच त्याला नंतर जन्मभर शिसारी येत राहिली.

त्याच आठवड्यात जयवंत लॉकरमधलं सामान न्यायला आला. शिफ्ट सुटायची वेळ होती, फाटकाशी गर्दी होती. श्यामकांत खिडकीत उभा होता. धोंडिराम गर्दीतून पुढे आला, आपल्या मुलाच्या वयाच्या माणसासमोर वाकला आणि त्याच्या पायांवर त्याने डोकं ठेवलं. "चुकलंय रे बाबा. माका माफ कर." जयवंतने पाय मागे ओढून घेतला. म्हाताऱ्याचं कपाळ जमिनीला टेकलं. आजूबाजूचे लोक बघत राहिले. कुणी हात देऊन उठवलं नाही. धोंडिराम गुडघ्यावर हात टेकत आपला आपणच उठला.

श्यामकांत खिडकीपासून निघाला तो सरळ गुप्तेसाहेबांच्या केबिनमध्ये शिरला, दारावर टकटक करायचंही विसरला. उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं: दचकला, स्टार्टेड, नलिनीने विचारलं होतं, आपण ऐकलं नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मराठी ऑर्डर कोणी केली?"

"मी."

"त्यात काय लिहिलंत?"

"सुरुवात केली."

"तेव्हा तुम्हाला चूक माहीत होती की नव्हती?" उत्तराची वाट न बघता साहेब पुढे झुकले. "नव्हती म्हणालात तर मूर्ख ठराल. होती म्हणालात तर लबाड. मी दोन्ही ऐकलेलं नाही, देवस्थळी. तुम्ही दमलाहात. घरी जा."

तो घरी गेला. वसुधाने चेहरा बघून विचारलं, तेव्हा चहा निवून जाईपर्यंत तो बोलत राहिला. शब्दाचा मूळ अर्थ, वकील, साहेब, चीफ असिस्टंटची जागा. शेवटी ती म्हणाली, "हे तुम्ही मला कशाला सांगताय? त्या म्हाताऱ्या माणसाला जाऊन सांगा. त्याला वाटतंय तो खोटं बोलला."

"सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

"तो सगळ्यांसमोरच पाया पडला ना?"

रविवारी सकाळी श्यामकांत टेंभीपाड्याला गेला. चाळीत कपडे धुणं चाललं होतं, कुठेतरी मासे तळल्याचा वास येत होता. जयवंत दारातच पायरीवर बसला होता. श्यामकांतने धोंडिरामलाही बोलवायला सांगितलं. हळूहळू आणखी माणसं जमली. त्याने बोलायला सुरुवात केली, पण सवयीने तो पुन्हा शब्दावरच घसरला: जुन्या इंग्रजीत याचा अर्थ असा, मग तसा...

"ता इंग्रजी ठेव बाजूक," जयवंत म्हणाला. आजवर तो त्याला अहोजाहो करायचा. "तुका म्हायत होता काय नाय, इतक्याच सांग."

"आधी नव्हतं," श्यामकांत म्हणाला. "ऑर्डर मराठीत केली तेव्हा होतं."

"आणि धोंडूकाका इचारूक इलो, तेव्हा?"

"तेव्हाही होतं."

मालन दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला आणि आत निघून गेली. भिंतीला टेकून उभा असलेला धोंडिराम पुढे आला.

"म्हणजे मी तसा बोललंय नाय?"

"नाही, काका. तुम्ही दचकला असंच म्हणाला होतात."

"मोठ्यान सांगा," म्हातारा म्हणाला. "हेंका सगळ्यांका ऐकू येवंदे."

श्यामकांतने मोठ्याने सांगितलं. वरच्या गॅलरीतल्या बायकाही थांबून ऐकत होत्या. तो हात जोडून म्हणाला, "मला माफ करा." धोंडिरामने डोळे पुसले आणि तोंड फिरवलं. जयवंत उठला. "माफी घेऊन मी काय करू? कोर्टात येऊन सांग. सांगशील?"

"सांगेन," श्यामकांत म्हणाला.

त्याला चहा कुणी विचारला नाही. तो चाळ उतरून रस्त्यावर आला तेव्हा मागून हसण्याचा आवाज आला. तो आपल्यालाच असणार असं धरून तो चालत राहिला.

लेबर कोर्टात केस उभी राहायला वर्ष उलटून गेलं. मधल्या काळात चीफ असिस्टंटच्या जागेवर दुसराच माणूस आला आणि श्यामकांतची बदली स्टोअर्समध्ये झाली, नट, वायसर आणि रबरी सील मोजायला. नलिनीने साक्ष दिली. आपण काय विचारलं आणि देवस्थळीसाहेबांनी काय उत्तर दिलं, ते तिने चार वाक्यांत सांगितलं आणि खाली उतरली. श्यामकांत पिंजऱ्यात चढला तेव्हा त्याच्या काखेत तो जाडा कोश होता. पान शोधायला खूण घालून ठेवली होती. तो उघडू लागला तसे जज्जसाहेब, तेही मराठीच, म्हणाले, "कोश राहू द्या. साक्षीदार काय बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगा."

"पयलो जयवंत दचाकलो," श्यामकांत म्हणाला.

जज्जसाहेबांनी लिहिण्यासाठी वाकवलेली मान वर केली. "मग यात न समजण्यासारखं काय होतं?"

"काही नव्हतं, साहेब."

कंपनीच्या वकिलाने त्याला सोडलं नाही. ऑर्डरचं भाषांतर करताना खरा अर्थ ठाऊक होता का? होता. तरी खोटं लिहिलं? लिहिलं. का? श्यामकांतने उत्तर बरोबर आणलं होतं, घरी घोटलं होतं, त्यात दबाव, परिस्थिती असे शब्द होते. पण समोरच्या बाकावर धोंडिराम टोपी मांडीवर ठेवून बसलेला दिसला आणि तो म्हणाला, "माझी चूक कुणाला कळू नये म्हणून."

वकील विजयी मुद्रेने म्हणाला, असा माणूस आज खरं बोलतो कशावरून? कोर्टात खसखस पिकली. श्यामकांतलाही तो प्रश्न रास्तच वाटला.

निकाल जयवंतच्या बाजूने लागला. त्याला कामावर परत घेण्याचा हुकूम झाला. युनियनने निकालाची प्रत फाटकाजवळच्या फळ्यावर डकवली. प्रत इंग्रजीत होती. सकाळी श्यामकांत आत शिरत होता तेव्हा फळ्याभोवती घोळका होता, आणि पुढे धोंडिराम मान उंचावून उभा होता. तो रिटायर झाला होता. जयवंतचा पहिला दिवस म्हणून त्याच्याबरोबर आला होता. श्यामकांत मान खाली घालून कडेने निघाला. धोंडिरामनेच हाक मारली.

"सायबानू, काय लिवलाहा ता वाचून दाखवा."

"अहो काका, दुसऱ्या कुणाकडून..." कुणीतरी हसत म्हणालं.

"ह्येंकाच वाचूंदे," धोंडिराम म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, की टोमणाही नव्हता.

घोळका बाजूला झाला. श्यामकांत फळ्यासमोर उभा राहिला आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागला. घाईने नाही; एखाद्या शब्दावर थांबून, नीट विचार करून, साध्यात साधा शब्द शोधत. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात त्याच्याबद्दल लिहिलं होतं. तिथे तो क्षणभर थांबला. आजूबाजूला इंग्रजी वाचू शकणारं कुणी नव्हतं, तो परिच्छेद ओलांडला असता तरी कुणाला कळलं नसतं.

"'दुभाष्याने आधी हलगर्जीपणा केला,'" तो म्हणाला, "'आणि नंतर स्वतःला वाचवण्यासाठी जाणूनबुजून खोटं भाषांतर केलं. त्यामुळे एका माणसाची नोकरी गेली आणि दुसऱ्या निरपराध माणसाची नाचक्की झाली.'"

"परत वाचा," मागून आवाज आला.

जयवंत होता. नव्या खाकी ड्रेसमध्ये, मान वळवून, उजवा कान पुढे करून. त्याने हे मुद्दाम म्हटलं, का त्याला खरोखरच ऐकू आलं नव्हतं, ते श्यामकांतला कळलं नाही, आणि विचारायचा त्याला अधिकारही नव्हता. त्याने तो परिच्छेद पुन्हा वाचला, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

भोंगा झाला. घोळका पांगला. जयवंतने धोंडिरामच्या खांद्यावर हात ठेवून त्याला फाटकापर्यंत सोडलं, मग वळून असेंब्लीकडे गेला. श्यामकांतकडे त्याने पाहिलं नाही. पुढे इतकी वर्षं एकाच कारखान्यात काढूनही तो त्याच्याशी कधी बोलला नाही. श्यामकांतने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि स्टोअर्सची किल्ली घ्यायला तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी जाऊन रांगेत उभा राहिला.